कपिलीला वाचता येते : तारेवरच्या पत्रांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

वर्धा नदीकाठचं एक खेडं आहे, कापूस-तुरीचं. नाव लिहीत नाही कारण लिहिलं की घर ओळखायला दोन मिनिटं लागणार नाहीत. मी तिथं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे, वाचनालयाची किल्लीही माझ्याचकडे असते, आणि लोकांच्या घरातले जुने कागद, सातबारे, लग्नपत्रिका, मनीऑर्डरच्या पावत्या यांचे फोटो काढून ठेवायचा नाद लागलाय, त्यामुळं गावात कोणाच्या पेटीत काही सापडलं की ते फिरून माझ्याकडं येतं.

मागच्या मार्चमध्ये एक कॉलेजातला पोरगा पिशवी घेऊन आला. १४ एप्रिलच्या जयंतीला गावातली पोरं स्मरणिका काढणार होती आणि याला आपल्या आबाजींवर लिहायचं होतं. आबाजी महार रेजिमेंटमध्ये. ही रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात उभी राहिली, केंद्र आता मध्य प्रदेशात सागरला आहे, आणि आमच्या भागातल्या बौद्ध वस्तीत, सागरला जाऊन आलेला एकही माणूस नात्यात नाही असं घर शोधावं लागेल. आबाजी १९७१ च्या लढाईत पूर्वेकडच्या आघाडीवर होते, धडधाकट परत आले, पुढं पेन्शन घेतली, आणि वारूनही त्यांना आता बरीच वर्षं झाली. आजी आहे. सत्तरीच्या पुढची, कान तल्लख, डोळे मात्र मोतीबिंदूनं अधू.

लग्न १९७० च्या उन्हाळ्यात झालं. माहेरून आंदणात एक कालवड आली, तिचं नाव कपिली. हे नाव ध्यानात ठेवा. नवरा पुढच्या वर्षी मे महिन्यात सुट्टी संपवून गेला आणि मग जुलै १९७१ ते मार्च १९७२ या दोघांचा जो काही संसार झाला तो पोस्टानं झाला.

अडचण काय होती

पिशवीत ३१ पत्रं होती. बहुतेक सगळी आंतर्देशीय, घडीवर फाटलेली, आणि जवळपास प्रत्येकाच्या मधोमध एक भोक, भोकाभोवती गंजाचं तपकिरी कडं. जुन्या घरात भिंतीला एक तार टांगलेली असे, खाली लाकडाची चकती आणि वर आकडा, आलेली चिट्ठी वाचून झाली की तारेत टोचायची. यातली बहुतेक पत्रं पन्नास वर्षं त्या तारेत होती. पोरानं ती ओढून काढली, झटकली आणि पिशवीत भरली.

म्हणजे क्रम गेला. तारेत सगळ्यात खालचं पत्र सगळ्यात जुनं, इतकं सोपं होतं ते. निम्म्या पत्रांवर तारखेची जागाच घडीत फाटलेली, आणि ठिकाण तर कुठंच नाही कारण लढाईच्या दिवसांत फौजेतून निघणारं पत्र आधी पलटणीतला अधिकारी वाचत असे, आपण कुठं आहोत हे लिहायची परवानगी नसे. पत्ता फक्त नंबर, नाव, पलटण आणि ९९ एपीओ, म्हणजे फौजेच्या पोस्टाचा नंबर. पूर्वेकडची सगळी फौजी डाक कलकत्त्याला गोळा व्हायची आणि तिथून ज्या त्या पलटणीच्या मागं जायची. आजी म्हणते तिला कितीतरी महिने वाटे की नव्व्याण्णव हे एक गाव आहे. बाजारात येणाऱ्या एका ड्रायव्हरला तिनं विचारलंही होतं, "नव्व्याण्णवले गाडी जाते का, भाऊ?"

पण पोराची तक्रार वेगळीच होती. त्याला पाहिजे होती प्रेमपत्रं. घरात लहानपणापासून ऐकलेलं की आबाजी आजीला लढाईतून पत्रं लिहीत, आणि आता उघडून पाहतो तर प्रत्येक पत्र "तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग जय भीम" असं सुरू होते आणि "घरातील लहानथोरांस जय भीम" असं संपते. बायकोचं नाव नाही. "गुरुजी, याच्यात तं नुसती कालवडच हाये," तो म्हणाला.

मी मोजलं. सासऱ्याच्या नावानं २६ पत्रं, त्यातल्या २३ मध्ये कपिलीची चौकशी. आईची तब्येत, दुबार पेरणी, भावाची शाळा यांना एक-एक ओळ, आणि कपिलीला चार-चार ओळी. "कपिलीच्या अंगावरून रोज हात फिरवत जावा. ती मुकी आहे, काही बोलणार नाही. तिला घर नवीन आहे, रुळण्यास वेळ लागेल." आमच्याकडं जनावरावर जीव लावणारी माणसं आहेत हे खरंय, पण शिपाई माणूस खंदकात बसून कालवडीला घर नवीन आहे असं लिहील हे मला काही पचेना.

१९७१ मध्ये काय झालं

इथं दोन माणसांचं सांगणं मी जोडतोय, एक आजी आणि दुसरे तिचे दीर, ज्यांना पोरगा लहाने आबाजी म्हणतो. तेव्हा ते आठवीत होते, १४ वर्षांचे.

घरात वाचता येणारे तेवढेच. सासरा निरक्षर, सासू निरक्षर, आजी निरक्षर. यात नवल काही नाही, १९७१ च्या जनगणनेत देशभरात शंभरातल्या साधारण २२ बायकांनाच लिहितावाचता येत होतं. चिट्ठी आली की संध्याकाळी ओसरीवर कंदील ठेवायचा, सासरा खाटेवर, सासू उंबऱ्यात, आजी आत चुलीपाशी, आणि लहाने आबाजी मोठ्यानं वाचणार. शेजारचे दोघं-तिघंही येऊन बसणार कारण गावातून फौजेत गेलेल्या पोराची चिट्ठी म्हणजे वस्तीची चिट्ठी. आता या सगळ्यांसमोर नवरा बायकोला काय लिहिणार? त्याच्याआधी पलटणीतला साहेब वाचणार, मग धाकटा भाऊ, मग वस्ती.

म्हणून कपिली. दोघांनी हे आधी ठरवलं होतं का असं मी आजीला विचारलं तर ती म्हणाली, "ठरवलं कायचं? पयल्या चिट्ठीत तिचं नाव आलं आन् मले समजलं. तिले मी आनलं होतं ना."

पहिल्याच महिन्यात घोटाळा झाला. पाऊस दडी मारून बसला, दुबार पेरणीची वेळ आली, बियाण्याला पैसा नाही म्हणून सासऱ्यानं कपिली बैलबाजारात काढायचं ठरवलं आणि ते साधेपणानं पत्रात लिहवून घेतलं. परतीच्या डाकेनं मनीऑर्डर आली आणि सोबत दोन ओळी, "कपिली कोणत्याही परिस्थितीत विकू नये. बियाण्यास पैसे पाठवले आहेत." सासऱ्याला वाटलं पोराचं गायीगुरांवर फार मन आहे. त्या दिवसापासून त्या कालवडीला ढेप सुरू झाली. खरी कपिली दुसऱ्या कपिलीच्या नशिबावर जगली असं म्हणायला हरकत नाही.

मग आजीला दिवस गेल्याचं लक्षात आलं. हे नवऱ्याला कसं कळवायचं? सासरा कळवेलच पण त्याच्या सवडीनं, आणि तिला स्वतः सांगायचं होतं. उत्तराची चिट्ठी लिहिणं चालू असताना ती चुलीपाशून म्हणाली, "भाऊजी, लिवा का कपिली सकाळचा चारा खात नाही." सासरा ओरडला, कालवड तं चांगली दाबून खाऊन राह्यली! पण लहाने आबाजींनी लिहिलं होतं.

त्याचं उत्तर माझ्यासमोर आहे, पातळ निळा कागद, अक्षर गोल आणि उजवीकडं झुकलेलं, पेन मध्येच अडकलं तिथं शाईचा ठिपका. "कपिली सकाळी चारा खात नाही असे समजले. बळजबरी करू नये. आंबट खावेसे वाटल्यास द्यावे. दुपारी सावलीत बसू द्यावे. निंदायला नेऊ नये."

लहाने आबाजी सांगतात, हे वाचताना ते "आंबट" वर एकदा थांबले आणि "निंदायला" वर दुसऱ्यांदा. सासरा म्हणाला, "फौजेत जाऊन याचं डोस्कं फिरलं का? कालवड निंदते का कधी?" आत चुलीपाशी काही आवाज नाही. आणि उंबऱ्यात बसलेली सासू उठली, काही न बोलता आत गेली. दुसऱ्या दिवशी निंदणाला सगळ्या बायका गेल्या, आजीला सासूनं घरी ठेवलं. चिंच कुठून आली ते आजीला आजपर्यंत माहीत नाही, फडताळात मिठाच्या बरणीशेजारी ठेवलेली सापडली एवढंच.

म्हणजे दोन माणसांना कळलं होतं आणि दोघंही गप्प बसली. मला या सगळ्या प्रकरणात ही सासू फार आवडते.

आजीचा निर्णय

दिवाळी झाली, कापूस फुटला, वेचणी सुरू झाली. सातव्या वर्गातली शेजारची पोरगी सुट्टीच्या दिवशी वेचायला यायची, तिला आजीनं मजुरीतले पैसे देते म्हणून अक्षर शिकवायला लावलं. पाटी नाही, पेन्सिल नाही. धुऱ्यावरच्या मातीत पऱ्हाटीच्या काडीनं. आधी "क", मग "प". बाकीची बाराखडी तिला नकोच होती, जे शब्द लागतात तेच शिकव म्हणायची. आम्ही मास्तर लोक मुळाक्षरांपासून सुरू करतो आणि पोरं कंटाळतात, असो.

तिच्या हातचं पहिलं पत्र त्या ३१ मध्ये आहे. नवऱ्यानं तिची तीन पत्रं ट्रंकेत जपून परत आणली, त्यातलं हे. तारीख नाही. अक्षर एवढं मोठं की तीन वाक्यांत आंतर्देशीय भरलं. "कपिली बरी हाये. कपिलीला वाचता येते. चिट्टी मला लिवा."

हे कधीचं? आजी म्हणते दिवाळीच्या आसपास, म्हणजे ऑक्टोबर. दीर म्हणतात नाही, ३ डिसेंबरच्या रात्री ग्रामपंचायतीच्या रेडिओवर लढाई लागल्याचं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी वहिनीनं ते माझ्या हाती पोस्टात टाकायला दिलं. इथं तिकिटानं मदत केली. १५ नोव्हेंबर १९७१ पासून बांगलादेशच्या शरणार्थ्यांसाठी टपालावर ५ पैशांचा जादा आकार लागला होता, आणि सुरुवातीला वेगळी तिकिटं तयार नव्हती म्हणून कुटुंबनियोजनाच्या ५ पैशांच्या तिकिटावरच "रेफ्युजी रिलीफ" असं छापून वापरली. आजीच्या पत्रावर ते तिकीट आहे. म्हणजे दिवाळी नाही, १५ नोव्हेंबरनंतरच. दिवस गेलेल्या बाईनं नवऱ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रावर कुटुंबनियोजनाचं तिकीट, यावर आजी एवढी हसली की ठसका लागला.

भोक नसलेलं पत्र

आता मुख्य गोष्ट. पत्रं लावताना मला दिसलं की सासऱ्याच्या नावच्या २६ पैकी २५ ना भोक आहे आणि एकाला नाही. म्हणजे ते तारेत कधी गेलंच नाही. तारीख स्पष्ट, २८ नोव्हेंबर १९७१. मी ते उघडून वाचलं.

"मला काही झाल्यास कपिलीला दावणीला बांधून ठेवू नये. तिला तिच्या माहेरी पोचवावे. तिचे वय लहान आहे. पुढे तिचे चांगले होईल तेथे देण्यास घरातील कोणी आडवे येऊ नये."

हे पत्र गावात पोचलं तेव्हा लढाई लागून चार-पाच दिवस झाले होते. रोज संध्याकाळी लोक रेडिओभोवती उभे. १४ वर्षांच्या पोरानं ओसरीवर चिट्ठी उघडली, वाचता वाचता या ओळींवर आला, समोर आई, आत सातवा महिना लागलेली वहिनी. त्याच्यापुढं तीन वाटा होत्या असं ते आज सांगतात. सगळं वाचायचं, म्हणजे बाबाला कालवडीचं वाटलं असतं पण आईला नाही. किंवा वाचता येत नाही, अक्षर खराब आहे म्हणायचं, म्हणजे बाबा मास्तराकडं घेऊन गेले असते. किंवा गाळायचं. त्यांनी चार ओळी गाळल्या, "सर्वांस जय भीम" म्हणून संपवलं आणि चिट्ठी तारेत न टोचता गणिताच्या पुस्तकात घातली. "तारेत टोचली असती तं वहिनीनं वाचली असती ना. तिले येऊन राह्यलं होतं वाचता," ते म्हणाले.

मी विचारलं, चूक वाटते का आता? ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "सोळा तारखेपर्यंत मी जेवलो नाही गुरुजी बराबर. दादा मेला असता तं ते कागद मले दाखवा लागला असता, आन् नसता दाखवला तं वहिनी जलमभर त्या घरात राह्यली असती."

१६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी फौजेनं शरणागती दिली, ९३ हजारांच्या आसपास माणसं कैदेत आली, गावात गुलाल उधळला. पण आपला माणूस जिवंत आहे हे काही रेडिओ सांगत नाही. ते जानेवारीत कळलं, आणि कळलं ते आजीलाच, कारण पहिल्यांदा चिट्ठी तिच्या नावानं आली. अशी दोन आहेत. फेब्रुवारीत पोरगा झाला, १२ मार्च १९७२ ला आपल्या फौजेची ढाक्यात निरोपाची परेड झाली, आणि जयंतीच्या आधी आबाजी सुट्टीवर घरी. त्यानंतर लहान भावानं गणिताचं पुस्तक उघडून ती चिट्ठी वहिनीच्या हातात दिली. तिनं वाचली, नवऱ्याला दाखवली की नाही ते ती सांगत नाही.

आमच्यापुढं कोणते मार्ग होते

स्मरणिकेची छपाई एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात होती, म्हणजे हातात तीन आठवडे. पोराचं म्हणणं की हेच पत्र पानभर छापू, फोटोसकट, वाचून लोक रडतील. त्याचा बाप, म्हणजे १९७२ च्या फेब्रुवारीतला तो पोरगा, म्हणाला सगळंच बांधून पेटीत ठेवा, आईचं आहे ते. आत्याला वाटे की छापा, पण तिच्या आईचं नाव नको. मी सुचवलं की आधी सगळ्यांचे फोटो काढून ठेवू, छापायचं नंतर पाहू. एकानं रेजिमेंटच्या संग्रहालयाला द्यावं असंही काढलं, त्यावर आजी म्हणाली कालवडीची चौकशी तिथं ठेवून काय करतील.

कायद्याचं थोडक्यात, कारण हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आलेल्या पत्राचा कागद ज्याला आला त्याचा, पण त्यातल्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, आणि तो वारला तर त्याच्या वारसांचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं हा हक्क चालतो. म्हणजे आबाजींच्या पत्रांसाठी आजी आणि सगळी लेकरं, आणि आजीच्या तीन पत्रांसाठी फक्त आजी. एकट्या नातवाला छापता येत नाही. पोराला हे पटलं नाही, माझेच आबाजी म्हणे.

काय केलं, आणि कुठं चुकलं

पहिली चूक माझी. पोरगा पहिल्यांदा आला तेव्हा परीक्षेचे दिवस, मी घाईत होतो, म्हटलं पत्रं नीट जपून ठेव, फाटू देऊ नको, सोमवारी बसू. त्यानं जपून ठेवायचा अर्थ आपल्या परीनं काढला. तालुक्याला जाऊन दोन पत्रं लॅमिनेट करून आणली. सगळीच करणार होता, पैसे कमी पडले म्हणून २९ वाचली.

दोनपैकी एक "कपिलीला वाचता येते". गरम रोलरमधून जाताना घडीची फाट वेडीवाकडी चिकटली, मधे हवेचा फुगा राहिला, आणि तिकिटाची खालची कड उचललेली होती ती दुमडून पोस्टाच्या शिक्क्यावरच बसली. शिक्क्यात महिना दिसतो, डिसेंबर. तारीख त्या कडेखाली आहे. म्हणजे दीर सांगतात ते ४ डिसेंबरच का, हे सांगणारा एकमेव पुरावा आता प्लॅस्टिकमध्ये आहे. उलटं करता येत नाही. गरम करून, सोलून, थिनर लावून काढायला गेलं तर शाई आणि कागदाचा वरचा थर सोबत निघतो, म्हणून ते आहे तसं ठेवलं. सेलोटेपचं पण तेच, दहा-पंधरा वर्षांत पिवळा पडतो आणि डाग कागदात उतरतो.

बाकीच्या २९ चं साधं काम केलं, त्यातली तीन सोडून, ती पुढं आजीकडं गेली. स्वच्छ कोरडे हात, खिडकीजवळ सकाळचा उजेड पण ऊन नाही, फ्लॅश बंद, मोबाईल पुस्तकांच्या थप्पीवर आडवा ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो, पत्त्याची बाजूसुद्धा कारण शिक्के तिथंच असतात. मग साध्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून पेटीत, आणि पेटी माळ्यावरून खाली. टिनाखालचा माळा मे महिन्यात भट्टी होते आणि पावसाळ्यात ओल धरते, कागदाला दोन्ही वाईट. डांबराच्या गोळ्या नको म्हटलं, कडुनिंबाचा वाळका पाला कापडाच्या बाहेर ठेवला. पूर्वीची तार पण पेटीतच ठेवली, गंजलेली आहे म्हणून वेगळ्या पिशवीत.

दुसरी चूक पण माझीच, आणि ती मोठी. मी ते भोक नसलेलं पत्र आजीला न विचारता वाचलं. तेव्हा मला वाटलं मी क्रम लावतोय, अभ्यास करतोय. बाकीची २५ ओसरीवर वस्तीसमोर वाचली गेलेली, ती वाचायला हरकत नव्हती. हे मात्र एका पोरानं मुद्दाम लपवलेलं आणि एका बाईनं पन्नास वर्षं स्वतःच्या लुगड्यांच्या गाठोड्यात ठेवलेलं, नातवानं तारेतली पत्रं काढताना ते गाठोडंही उघडलं होतं. भोक नाही हे दिसल्यावरच मी थांबून तिच्याकडं जायला पाहिजे होतं. गेलो ते वाचल्यावर, आणि विचारलं की आजी, हे छापायचं का. ती म्हणाली, "तुनं वाचलं ना? मंग आता कायले विचारतं?"

मी काही बोलू शकलो नाही. चहा झाला. जाताना तिनं हात पुढं केला, मी ते पत्र दिलं, सोबत तिच्या नावची दोन पण दिली. ती दोन मी उघडलेली नाहीत, पोरानं पण नाही, फोटो पण फक्त पत्त्याच्या बाजूचे आहेत.

काय निष्पन्न झालं

स्मरणिकेत चार पत्रांचा मजकूर आला, नावं काढून : बैलबाजाराचं, हात फिरवण्याचं, आंबटाचं आणि आजीचं तीन वाक्यांचं. वर पोरानं स्वतः अर्धं पान लिहिलं, बरं लिहिलं. घरात सगळ्यांनी होकाराच्या कागदावर सह्या केल्या, आजीनं अंगठा न लावता सही केली, दिसत नव्हतं तरी. २८ नोव्हेंबरचं पत्र छापलं नाही. त्यातल्या ओळी इथं लिहायची परवानगी तिनं नंतर, जूनमध्ये दिली, मी मागितलेली नसताना. नाव-गाव नको आणि फोटो नको एवढंच. कारण विचारलं तर म्हणाली, "लोकायले वाटते फौजी मानूस म्हंजे नुसता बंदुकीचा."

वेगळं काय करता आलं असतं तर, एक म्हणजे तारेतून पत्रं काढायच्या आधी तारेसकट एक फोटो. बस, तेवढ्यानं अर्धं काम वाचलं असतं. दुसरं, स्मरणिकेची तारीख डोक्यावर घेऊन जुने कागद उघडू नयेत, ती पुढच्या वर्षी पण निघतेच. आणि आजी समोर बसलेली असताना आम्ही दहा दिवस कागदांशी बोलत बसलो, तिला पहिल्याच दिवशी "ही कपिली कोण" असं विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. तिचा आवाज आता मोबाईलवर रेकॉर्ड केलाय, साधारण तीन तास, त्यातला निम्मा वेळ सासूबद्दल आहे.

ऑपरेशनला ती तयार नाही, त्यामुळं अक्षर परत दिसेनासं झालंय. रविवारी लहाने आबाजी येतात आणि तिच्या सांगण्यावरून वाचून दाखवतात, छापील नाही, मूळचीच पाहिजेत तिला. मागच्या रविवारी मी पण बसलो होतो. आंबटावर आले तेव्हा ते सवयीनं थांबले. आजी भिंतीला टेकून म्हणाली, "वाचा भाऊजी, थांबू नोका. आन् निंदायचं बी वाचा."